खाडी मुंबईत तोडायची, जंगल चंद्रपुरात लावायचं

शनिवार : नागपूर ते नागभीड

विदर्भ एक्स्प्रेस उशिरा पोचली. नागपूरला स्टेशनबाहेर तर्री-पोहे खाल्ले, गणेशपेठेतून नागभीडची एसटी धरली आणि खिडकीजवळची जागा मावशींना दिली. मावशी म्हणजे ऐरोलीच्या दिवे कोळीवाड्यातल्या आमच्या शेजारीण. वय साठीच्या पुढे. लग्न होऊन आल्यापासून ठाणे खाडीच्या चिखलात उतरून चिंबोऱ्या, निवट्या, शिंपल्या काढण्यात त्यांचं आयुष्य गेलं. त्या कसाऱ्याच्या पलीकडे पहिल्यांदाच आल्या होत्या.

आम्ही दोघी इकडे का आलो, ते आधी सांगते. वर्सोव्यापासून भाईंदरपर्यंतच्या किनारी रस्त्यासाठी कांदळवनाची पंचेचाळीस हजारांहून जास्त झाडं तोडायला मुंबई उच्च न्यायालयाने डिसेंबर २०२५ मध्ये परवानगी दिली. काही कांदळवन किनाऱ्याजवळच पुन्हा लावायचं ठरलं आहे, हे खरं. पण वनजमीन दुसऱ्या कामाला दिल्याबद्दल दुसरीकडे जी झाडं लावायची, ते पर्यायी वनीकरण मात्र शंभरावर हेक्टरवर होणार आहे चंद्रपूर जिल्ह्यात. बातमी वाचून मी मावशींना सांगितली, तेव्हा त्यांनी विचारलं, "चंद्रपूरला खारी हाय का?" खारी म्हणजे खाडी. नाही म्हटल्यावर जरा वेळाने म्हणाल्या, "मंग मना दाखव ती जागा."

ती नेमकी जागा दाखवणं माझ्या हातात नव्हतं. पण चंद्रपूर जिल्हा माझं आजोळ. मामांचं गाव नागभीड आणि सिंदेवाहीच्या मधे, धानाच्या पट्ट्यात. मुंबईच्या खाडीची भरपाई करायची म्हणजे कसल्या जमिनीवर करायची, ते तरी दाखवता येणार होतं.

उमरेडला कोळशाच्या खाणीतल्या मातीचे डोंगर लागले, भिवापूरला मिरची. नागपूर-नागभीडची छोटी रेल्वे २०१९ मध्ये बंद झाली, रूळ मोठे करायचं काम चालू आहे. लहानपणी त्याच गाडीने आम्ही यायचो. नागभीडला मामा मोटरसायकल आणि शेजारचा एक मुलगा घेऊन हजर होते. घरी मामींनी लाखोळीच्या पाल्याची भाजी आणि भात केला होता. मावशींनी पिशवीतून सुका जवळा काढला, तव्यावर कांद्यात परतला, आणि पहिल्या घासालाच दोघींचं जमलं.

रविवार : तलावावर

सकाळी थंडी चांगलीच होती. गावाच्या वरच्या अंगाला मामा तलाव आहे. इथे 'मामा' म्हणजे माजी मालगुजारी, पूर्वी गावच्या मालगुजाराच्या, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदाराच्या ताब्यातले. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत असे सहा-सात हजार तलाव आहेत. गोंड राजांच्या काळात, मुख्यतः कोहळी समाजाच्या लोकांनी ते बांधले. १९५१ मध्ये मालगुजारी गेली आणि तलाव सरकारचे झाले. वरच्या जंगलातून पाण्याचा येवा, खाली मातीची पाळ, पाळीत तुडूम, बाजूला सांडवा. सांडव्याचं पाणी पुढच्या गावच्या तलावात. धान निसवताना पावसाने दगा दिला तर तुडूम उघडायचं आणि पाणी बांध्यांमध्ये सोडायचं. एवढी साधी व्यवस्था, पण ती वरच्या जंगलावर उभी आहे.

पाळीवर पोचलो तेव्हा चार ढीवर जाळं ओढत होते. तलाव त्यांच्या मच्छीमार संस्थेने ठेक्याने घेतला आहे. मावशी सरळ खाली उतरल्या आणि ओल्या जाळ्याचा कोपरा हातात घेऊन दोन बोटं भोकात घालून बघू लागल्या. एक बोट सहज जात होतं, दोन जात नव्हती. "पिल्ली सुटतान ना यातून?" त्यांनी विचारलं. म्हातारे ढीवर हसले. "सुटतेत बाई. नाई सुटली त पुढच्या साली काय पकडाचं?" टोपलीत रोहू-कतला जास्त होते. संस्था बीज आणून सोडते ते हे मासे. त्यात एक मरळ आणि मूठभर शिंगूर. पूर्वी मरळ, वाघूर, शिंगूर हेच जास्त निघायचे, असं ते म्हणाले. काठाला देवधान होतं, कमळ होतं, आत गवत होतं, त्यात मासा अंडी घालायचा. आता काठाचा बराच भाग बेशरमने धरला आहे. त्या झाडात ना मासा राहतो ना पक्षी.

मावशींना या पाण्याचं कोडं पडलं होतं. "आमचे खारीन पानी दिवसाचे दोन टायमाला येते नि जाते. हे पानी कवा जाते?" त्यांना तुडूम दाखवलं. मग त्यांनी तिथल्या बायांना खाडीचं सांगितलं, आणि मी मोबाइलमधले फोटो दाखवत होते. चिखलातून वर आलेली, कांदळवनातल्या तिवरांची श्वासमुळं बघून एका मुलीने विचारलं, "कोनं खिळे ठोकलेत जी?" तिवर ज्या चिखलात उभं असतं त्यात हवा नसते. म्हणून मुळंच वर येऊन श्वास घेतात. मीठ तर इतकं, की तिवर ते पानावाटे बाहेर टाकतं. ओहोटीच्या वेळी, ऊन तापलं की पानावर मिठाचे बारीक कण चमकतात, जीभ लावली तर खारट लागतात. चिप्पीचं झाड तसंच पाण्याच्या अगदी तोंडाशी उभं राहणारं. पांढऱ्या चिप्पीला महाराष्ट्राने २०२० मध्ये राज्य कांदळवन वृक्ष ठरवलं.

या झाडांच्या मुळांत कोळंबी वाढते, चिंबोरी लपते, जिताड्याची पिल्लं मोठी होतात. भरतीचं पाणी तिथे पसरतं, लाटेचा जोर तिथे मोडतो, गाळ तिथे बसतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मिठी नदीच्या पाण्याला पसरायला जागा उरलेली नव्हती, कारण नदीकाठची आणि खाडीकाठची खाजणं भराव घालून बुजवून झाली होती. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उच्च न्यायालयाने कांदळवनं तोडायला बंदी घातली. २०१८ च्या निकालात तर कांदळवनांचा नाश म्हणजे जगण्याच्या हक्कावरच घाला, असं म्हटलं आणि भोवती पन्नास मीटरचा पट्टा मोकळा ठेवायला सांगितला. सार्वजनिक हिताचं काम असेल तर न्यायालयाची परवानगी घेऊन तोडता येतं. बुलेट ट्रेनसाठी २०२२ मध्ये बावीस हजारांच्या आसपास झाडांची परवानगी मिळाली, ती याच वाटेने. आणि आता हा रस्ता.

हे सगळं मी पाळीवर बसून सांगत होते. तेव्हा ते म्हातारे ढीवर उठले आणि म्हणाले, "या, एक दाखवतो." तलावाच्या वरच्या बाजूला दोन-तीन वर्षांपूर्वी रस्ता रुंद झाला, आणि चांगला पुरुषभर उंचही झाला. जुन्या रस्त्यावरून पावसाळ्यात पाणी आडवं वाहून तलावात उतरायचं. नव्या रस्त्याखाली त्याला दोन पाइप ठेवले आहेत. एक निम्मा मातीने भरलेला. रस्त्याच्या पलीकडे पाणी साचून वाळल्याची पांढरट खूण दिसत होती, आणि तिथले पळस खालून काळे पडले होते. "झाड कोनं तोडलं नाई, तलाव कोनं बुजवला नाई. पन तलाव आता अर्धाच भरते."

मावशी त्या पाइपाजवळ उकिडव्या बसून बराच वेळ बघत राहिल्या. खाडीत हेच होतं. कुऱ्हाड दिसते ती क्वचित. आधी रात्री राडारोड्याचे डंपर येतात, एक बांध तयार होतो, भरतीचं पाणी आत यायचं थांबतं. वर्षा-दोन वर्षांत तिवरं उभ्या जागी वाळतात, आणि मग कोणीही येऊन म्हणू शकतो की इथे कांदळवन नाहीच. नवी मुंबईत नेरूळच्या तलावात भरतीचे मार्ग अडले तेव्हा पाणी सडलं, २०२४ मध्ये तिथे रोहित पक्षी मेले. उलवे नदी विमानतळासाठी वळवली. या गोष्टी मी वाचल्या आहेत. मावशींनी त्यांच्या हातातल्या टोपलीवरून मोजल्या आहेत. पूर्वी एका ओहोटीत जेवढ्या चिंबोऱ्या मिळायच्या, तेवढ्या आता सगळा आठवडा फिरून मिळत नाहीत.

परतताना तलावात तलवार बदकं उतरलेली दिसली, आणि अडईंचा एक मोठा थवा. ठाणे खाडीचं रोहित पक्ष्यांसाठी २०१५ मध्ये अभयारण्य झालं, २०२२ मध्ये ती जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, म्हणजे रामसर स्थळांच्या यादीत आली. या तलावाला कुठलीच यादी नाही.

सोमवार : झुडपी

आजचा दिवस ज्यासाठी आलो त्याचा. मामा, गावचा गायकी म्हणजे गुराखी, आणि आम्ही दोघी सकाळी नवाला निघालो. गावाच्या पश्चिमेला आखर, म्हणजे गुरं जमवायची जागा, आखराच्या पुढे झुडपी जंगल. विदर्भाबाहेरच्या माणसाला ते जंगल वाटणारच नाही. मुरमाड जमीन, मधे मधे कातळ, पळस, बोर, भराटी, खैर, शिंदीची खुरटी बेटं, आणि पाऊस संपून तीन महिने झाल्यामुळे पिवळी पडलेली कुसळी. मुंबईहून नकाशा बघणारा माणूस तिथे बोट ठेवून म्हणेल, जागा मोकळीच आहे.

गायकी आम्हांला एकेक दाखवत गेला. सकाळी गावची दीडशे-दोनशे जनावरं याच वाटेने वर जातात. शिंदीच्या पानांचे फडे बांधणारी चार घरं आहेत. बोरं पिकली होती, मावशींनी पदरात घेतली. पावसाळ्यात तरोट्याची भाजी, मग रानभाज्यांची रांगच. चुलीला जळतण. एका बाजूला मरून गेलेल्यांची जागा, तिथे दगड उभे केलेले. आणि या मुरमाडावर पडलेलं पाणी हळूहळू उतरत कालच्याच तलावाकडे जातं.

एका पळसाखाली शेळ्या घेऊन एक बाई बसल्या होत्या. मावशी त्यांच्या शेजारी टेकल्या. "तुमचा काय जाते इथनं, कुपन घातला तर?" बाईंनी समोर हात केला. साताठशे पावलांवर तारेचं कुंपण होतं. "त्या अंगाले घातलं ना. आता मी त्या टेकडीले वळसा घालून जातो. वाघाची भीती त्याच अंगाले हाय." चंद्रपूर जिल्ह्यात हे वाक्य कोणी सहज बोलत नाही. वाघाच्या हल्ल्यात सगळ्यात जास्त माणसं गमावणाऱ्या जिल्ह्यांपैकी हा एक. गुराख्यांची, सरपण आणि तेंदूपानं आणायला गेलेल्यांची नावं त्यात जास्त. चराईची जवळची जागा बंद झाली की माणूस आणि जनावर दोन्ही आत, जंगलाच्या दिशेने सरकतात.

आम्ही कुंपणापर्यंत गेलो. पाटी होती, 'पर्यायी वनीकरण', खाली हेक्टर आणि रोपांची संख्या, रंग उडालेला. कुठल्या तरी लांबच्या प्रकल्पाची भरपाई. आत सरळ रेषेत समतल चर, चराच्या काठाने साग, मधे मधे करंज आणि आवळा. सागाची बरीच रोपं जगली होती, छातीपर्यंत आली होती. मजुरांनी काम नीट केलं होतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण रोपांसाठी आतली भराटी, बोरं, शिंदी साफ केलेली होती. म्हणजे एक जंगल काढून तिथे एका दुसऱ्या जंगलाची लागवड, आणि ते तिसऱ्याच जंगलाच्या बदल्यात. वाळलेल्या मातीत सागाची मोठी पानं पडून कुरकुरीत झाली होती. मावशींनी तारेतून हात घालून एक उचललं, उलटसुलट केलं आणि विचारलं, "याचे मुलान काय रेते?"

मुळांत काय राहतं, हाच प्रश्न आहे. सागाच्या मुळांत कोळंबी राहत नाही. साग भरती अडवत नाही. कांदळवनाचा बराचसा कार्बन झाडात नसतो, तो खालच्या चिखलात शेकडो वर्षं साठत गेलेला असतो, आणि चिखल उपसला की तो सुटतो. तो परत साठवायला पुन्हा चिखल लागतो, पुन्हा भरती लागते. चंद्रपूरच्या मुरमात मुंबईच्या समुद्रापासून सातशे-आठशे किलोमीटरवर लावलेली झाडं चांगलीच असतील, त्यांची सावली इथल्यांना मिळेलही. पण त्यांना वर्सोव्याच्या, मालाडच्या, चारकोपच्या खाजणाची भरपाई म्हणणं मला मान्य नाही. रस्त्याशेजारच्या वस्तीत पाणी शिरेल तेव्हा हे साग त्यांच्या काही कामाचे नाहीत.

कायदा असा आहे की वनजमीन दुसऱ्या कामाला दिली तर तेवढीच बिगरवन जमीन वनीकरणाला द्यायची. सरकारी आणि काही ठरावीक प्रकल्पांना अवनत वनजमीन दुप्पट घेऊन भागवता येतं. त्यासाठी पैसे भरले जातात, त्या निधीचा वेगळा कायदा २०१६ चा आहे. कायद्याला हेक्टर समजतात. खाडीचं हेक्टर आणि माळाचं हेक्टर त्याला सारखंच. आणि मुंबईजवळ मोकळी जमीन महाग, म्हणून भरपाईची जमीन शोधत शोधत सगळे विदर्भात येतात. इथला कोळसा, चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या केंद्रातली वीज हे सगळं आधीपासून तिकडे जातंच आहे.

झुडपी जंगलाबाबत सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी मोठा निकाल दिला. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या सहा जिल्ह्यांतली झुडपी जमीन वनच मानायची. वन व्यवस्थापनाला अयोग्य म्हणून नोंदलेलं ८६,४०९ हेक्टर क्षेत्रही त्यात आलं. निकाल देणारे तेव्हाचे सरन्यायाधीश भूषण गवई अमरावतीचे, त्यांना ही जमीन परकी नव्हती. त्याच निकालात असंही म्हटलं आहे, की बिगरवन जमीन उपलब्ध नाही असं मुख्य सचिवांनी लिहून दिल्याशिवाय झुडपी जमीन पर्यायी वनीकरणाला देऊ नये. मामांना हे माहीत नव्हतं. त्यांनी तिथेच उभ्या उभ्या मला ते वाक्य पुन्हा म्हणायला लावलं.

रात्री मामांनी ट्रंक उघडून गावचं निस्तार पत्रक काढलं. जुन्या झेरॉक्सची झेरॉक्स, अक्षरं फिकट. कोणता गट गुरचराईचा, कोणता जळाऊ लाकडाचा, कोणता मुरूम-मातीचा, मसणवटा कुठे, सगळं त्यात नोंदलेलं. दिवसभर पाहिलेली प्रत्येक गोष्ट त्या कागदावर गट क्रमांकासह होती. मुंबईच्या नकाशावर मोकळी दिसणारी जमीन या कागदावर भरलेली आहे.

मंगळवार : पाचगाव

मूल, पोंभुर्णा करत गोंडपिंपरी तालुक्यातल्या पाचगावला गेलो. मामांनाच जायचं होतं. पाचगावच्या ग्रामसभेला २०१२ मध्ये वनहक्क कायद्याखाली हजार हेक्टरहून थोड्या जास्त जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू ग्रामसभा तोडते, ग्रामसभाच विकते, हिशेब सगळ्यांसमोर होतो. तेंदूपानातून पैसा मिळत असूनही ते तोडायचं नाही असं त्यांनी ठरवलं, कारण त्यासाठी फांद्या छाटतात, आग लावतात, आणि टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, माणसाला मिळत नाहीत, पाखरांनाही नाही.

बांबूच्या बेटांमधून फिरताना मावशी माझ्याशी कमी आणि मामांशी जास्त बोलल्या. खाडीवर कोळ्यांचा असा कागद का नाही, हा त्यांचा मुद्दा होता. सरकारी जमिनीवरची बरीच कांदळवनं आता राखीव वन झाली, २०१२ पासून वनखात्याचा वेगळा कांदळवन कक्ष आहे, त्याने बरंच वाचवलंही. पण ज्या पायवाटांनी कोळणी पिढ्यान्‌पिढ्या चिखलात उतरत आल्या, त्या कुठल्या नकाशावर नाहीत. रस्ता आखणाऱ्याला तिथेही जागा मोकळीच दिसते.

बुधवार : ठराव

आज कुठे गेलो नाही. २६ जानेवारीची ग्रामसभा दोन आठवड्यांवर आलेली, आणि मामांना ठराव त्याआधी लिहून ठेवायचा होता. दुपारी सरपंचबाई, पोलीस पाटील, गायकी, ढीवर संस्थेचे दोघं आणि शेळ्यावाल्या त्या बाई अंगणात जमल्या. अक्षर माझं बरं म्हणून लिहायला मी बसले.

पहिला मुद्दा, गावच्या निस्तार पत्रकातले गट ग्रामसभेला विचारल्याशिवाय कुठल्याही प्रकल्पाच्या बदल्यात वनीकरणाला देऊ नयेत. दुसरा, आधीच्या कुंपणातून जनावरांना जुनी वाट मोकळी करून द्यावी. तिसरा, रस्त्याखालचे पाइप काढून तिथे पूल बांधावा, म्हणजे तलावाचा येवा सुटेल. यावर बराच वाद झाला. पोलीस पाटील म्हणत होते की झाडं लागली तर पोरांना रोजी मिळते, सरसकट नको म्हणू नका. त्यांचं म्हणणंही वाजवी होतं. मग लिहिलं की लावायचंच असेल तर तलावाच्या वरच्या अंगाला, उघड्या पडलेल्या उतारावर लावा, इथलीच झाडं लावा, मोह, चारोळी, बेहडा, आणि कुंपण न घालता गावाला राखू द्या.

एवढं झाल्यावर मावशी म्हणाल्या, "माझा पन एक लिवा." सरपंचबाईंनी मामांकडे पाहिलं. मावशी गावच्या मतदार नाहीत, ग्रामसभेत त्यांचं नाव येणार नाही. मामा म्हणाले, गावचं म्हणून लिहू. मावशी सांगत गेल्या, मी लिहीत गेले: समुद्रकाठची जी कांदळवनं तोडली जातील, त्यांची भरपाई समुद्रकाठीच करावी. ठाणे, भिवंडी, पनवेलच्या खाड्यांवर जिथे भराव घालून भरती अडवली आहे तिथले बांध फोडावेत, पाणी आत येऊ द्यावं, झाडं आपोआप येतील. त्या भरपाईसाठी आमच्या गावाची जमीन घेऊ नये.

ढीवर संस्थेच्या अध्यक्षांनी सगळ्यात आधी सही केली. कागद दोन प्रतींत केला. एक मामांच्या ट्रंकेत, निस्तार पत्रकाच्या वर. दुसरी मावशींच्या पिशवीत, दिवे कोळीवाड्यातल्या पंचांना दाखवायला.